स्टिअरिंगखालचं सोळा पिनांचं सॉकेट : गाडीला बोलतं करणाऱ्या कायद्याची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' शक्य तेवढे काढलेत, थोडे राहिले असतील तर सांभाळून घ्या.

आज गाडीबद्दल बोलायचंय. पण टायरमध्ये हवा किती ठेवावी, ऑइल कधी बदलावं, यावर नाही. तुमची गाडी गेल्या दहा-बारा वर्षांतली असेल तर ड्रायव्हरच्या सीटवर बसा आणि स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यांच्या वर हात घालून बघा. वर रुंद आणि खाली अरुंद असं एक सॉकेट हाताला लागेल. त्यात सोळा पिनांची जागा असते, आठ वर आणि आठ खाली. त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात. ऑन बोर्ड डायग्नोस्टिक्स, म्हणजे गाडीने स्वतःच स्वतःची केलेली तपासणी.

आता एक प्रश्न विचारा. कार कंपन्या एकमेकींच्या हाडवैरी. एकीचा नट दुसरीच्या बोल्टला बसत नाही. तरी जपानी, कोरियन, जर्मन आणि आपल्या पुण्या-मुंबईच्या गाड्यांमध्ये हे सॉकेट एकाच आकाराचं कसं? आणि त्यातून बाहेर येणारी भाषा ऑनलाइन मिळणाऱ्या हजार-बाराशे रुपयांच्या यंत्राला कशी समजते? मी सॉफ्टवेअरवाला आहे. दोन कंपन्यांच्या सिस्टिम एकमेकींशी बोलाव्यात म्हणून किती मीटिंगा होतात हे रोज बघतो. त्यामुळे हे फुकटात झालेलं नाही, एवढी खात्री मला होती. शोधत गेलो तर गोष्ट जाऊन थांबली ८० वर्षांपूर्वीच्या धुरक्यात.

लॉस एंजेलिसचं धुरकं

२६ जुलै १९४३. दुसरं महायुद्ध चालू आहे. लॉस एंजेलिस शहरावर भर दिवसा असा काही धूर पसरला की लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, घसे धरले, समोरचं दिसेना. काहींना वाटलं, जपानने रासायनिक हल्ला केला. मग संशय एका रबर कारखान्यावर गेला. कारखान्याला आवर घातला, पण धूर काही जाईना.

याचं उत्तर शोधलं ते आरी हागेन-स्मिट नावाच्या शास्त्रज्ञाने. मूळचा नेदरलँड्सचा हा माणूस कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये अननसावर काम करत होता. अननसाला तो वास नेमका कशामुळे येतो, कोणती द्रव्यं त्याला कारणीभूत असतात, हा त्याचा विषय. हवेतली अगदी सूक्ष्म द्रव्यं गोळा करून ओळखण्याची पद्धत त्याच्या हाताशी होतीच. ती त्याने शहराच्या हवेला लावली आणि १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की गाड्यांच्या आणि तेलशुद्धीकरणाच्या धुरातले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो. डोळे चुरचुरतात ते यामुळे. म्हणजे गुन्हेगार कुठल्या एका चिमणीखाली बसलेला नव्हता, शहरातला प्रत्येक माणूस त्याला रोज चावी देऊन सुरू करत होता.

कार कंपन्यांनी आणि तेल कंपन्यांनी हे सहज मान्य केलं नाही. पण १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाने हवेसाठी स्वतंत्र मंडळ नेमलं, त्याचं नाव कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्ड. त्याचा पहिला अध्यक्ष झाला हाच हागेन-स्मिट. पुढे १९७० मध्ये अमेरिकेत क्लीन एअर ॲक्ट आला आणि कंपन्यांना सांगितलं गेलं की गाडीतून निघणारं प्रदूषण काही वर्षांत ९० टक्के कमी करा.

सायलेन्सरमुळे गाडीत कॉम्प्युटर आला

यावर तोडगा निघाला तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा. सायलेन्सरच्या आधी, धुराच्या वाटेत बसवलेला एक डबा, आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी, जाळीवर प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूंचा थर. धूर त्यातून जाताना विषारी वायूंचं रूपांतर तुलनेने निरुपद्रवी वायूंत होतं. अमेरिकेत १९७५च्या मॉडेलपासून हे कन्व्हर्टर सर्रास आले. शिशाचा थर बसला की जाळी निकामी होते, म्हणून त्यांच्यासोबत शिसंविरहित पेट्रोलही आलं.

पुढची पिढी होती तीन वायूंवर एकाच वेळी काम करणाऱ्या कन्व्हर्टरची. त्याचा एक नखरा आहे. इंजिनात एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ भाग हवा, हेच प्रमाण त्याला लागतं. थोडं इकडेतिकडे झालं की काम बिघडतं. कार्ब्युरेटर हे प्रमाण इतकं नेमकं धरू शकत नाही. थंडी, चढ, घाट, धूळ बसलेला फिल्टर, काहीही झालं की तो हलतो. मग बॉशने धुराच्या पाइपात बसणारा ऑक्सिजन सेन्सर केला आणि १९७६ मध्ये तो व्हॉल्व्होच्या गाडीत आला. सेन्सर सांगणार, हवा जास्त आहे की पेट्रोल. ते ऐकून क्षणोक्षणी पेट्रोल कमी-जास्त कोण करणार? त्यासाठी कॉम्प्युटर लागला.

मला ही गोष्ट फार आवडते. गाडीत कॉम्प्युटर आला तो गाणी लावायला किंवा नकाशा दाखवायला नाही. सायलेन्सरजवळच्या एका डब्याचा नखरा सांभाळायला आला.

प्रत्येकाची भाषा वेगळी

कॉम्प्युटर आला, म्हणजे कॉम्प्युटरला कळलेलं बाहेर काढायची सोयही हवी. फोक्सवॅगनने तर १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच गाडीत एक तपासणीचं सॉकेट दिलं होतं, पण ते कंपनीच्याच वर्कशॉपातल्या कंपनीच्याच यंत्रासाठी.

१९८१ मध्ये जनरल मोटर्सने अमेरिकेतल्या आपल्या गाड्यांवर कॉम्प्युटरचं नियंत्रण आणलं. त्यात एक गमतीशीर सोय होती. डॅशबोर्डखालच्या सॉकेटमधल्या दोन ठरावीक पिना तारेने, अगदी कागदाच्या क्लिपनेसुद्धा, जोडायच्या आणि इंजिन सुरू न करता चावी फिरवायची. 'चेक इंजिन'चा दिवा लुकलुकायला लागतो. एकदा लुकलुक, थोडी विश्रांती, मग दोनदा लुकलुक, म्हणजे कोड १२. तो आला की तपासणी यंत्रणा शुद्धीवर आहे. त्यापुढे खऱ्या बिघाडाचे कोड. लोक वही-पेन घेऊन बसायचे आणि लुकलुकी मोजायचे.

पण हे फक्त त्या एका कंपनीचं. दुसऱ्या कंपनीचं सॉकेट वेगळ्या जागी, वेगळ्या आकाराचं, आणि कोडचे अर्थही वेगळे. रस्त्यावरच्या गॅरेजवाल्याने सगळ्या कंपन्यांची यंत्रं आणि पुस्तकं घ्यायची म्हटली तर त्याचं दुकानच विकावं लागेल.

ही अडचण गॅरेजवाल्यांची होती, आणि त्यांच्यासाठी कोणी हलेना. हललं ते हवेचं मंडळ, कारण त्याला वेगळीच काळजी लागली होती. शोरूममधून निघालेली नवी गाडी चाचणीत पास होते, ठीक. पण पाच वर्षांनी सेन्सर मेला, कन्व्हर्टर संपला, तरी गाडी पळतच राहते. मालकाला काही जाणवत नाही. हवेला जाणवतं. मग गाडीनेच मालकाला सांगायला हवं की आता मी घाण सोडतेय. या विचारातून कॅलिफोर्नियाने १९८५ मध्ये नियम केला आणि तो १९८८च्या मॉडेलपासून लागू झाला. हा पहिला ओबीडी. त्यात दिवा आला, पण भाषा एक नव्हती.

दुसरा टप्पा म्हणजे ओबीडी-२. १९९४च्या मॉडेलपासून तो टप्प्याटप्प्याने आला आणि १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या कारना बंधनकारक झाला. सॉकेट एकच, ते ड्रायव्हरच्या हाताशी असलं पाहिजे, आणि बिघाडांच्या कोडची यादी एकच.

१९९०च्या अमेरिकन कायद्यातलं एक कलम इथे महत्त्वाचं आहे. धुराच्या यंत्रणेशी संबंधित माहिती वाचायला कुठलाही गुप्त कोड लागता कामा नये, फक्त कंपनीकडेच मिळेल असं उपकरण लागता कामा नये, आणि बाहेर आलेली माहिती कंपनीच्या खास किल्लीशिवाय उलगडता आली पाहिजे, असा त्याचा आशय आहे. तुमच्या स्टिअरिंगखालचं सॉकेट उघडं आहे ते या विचारामुळे. कंपन्यांच्या उदारपणाचा त्यात वाटा नाही.

ही यंत्रणा विचार कसा करते?

इथे मी दोन मिनिटं इंजिनियरगिरी करतो.

समजा एक सिलिंडर मिस मारतोय, म्हणजे प्लग ठिणगी देत नाही. हे कॉम्प्युटरला कसं कळतं? प्रत्येक सिलिंडरमध्ये स्फोट झाला की क्रँकशाफ्टला एक धक्का मिळतो आणि तो किंचित वेग घेतो. क्रँकवरचा सेन्सर हे सतत मोजत असतो. एका सिलिंडरच्या पाळीला धक्का आलाच नाही तर तेवढ्या क्षणापुरता वेग कमी पडतो. कोणाची पाळी होती हे ठाऊक असतंच, त्यामुळे चोर लगेच सापडतो.

कन्व्हर्टरचं काय? त्याच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर असतो आणि नंतर एक. आधीच्या सेन्सरचा आकडा सतत वर-खाली होतो. कन्व्हर्टर धडधाकट असेल तर नंतरचा आकडा जवळजवळ शांत राहतो. दोघंही सारखेच नाचायला लागले तर समजायचं, मधला गडी झोपला.

जे सापडतं ते पाच अक्षरांच्या कोडमध्ये लिहिलं जातं. उदाहरणार्थ पी०३०१. पहिलं अक्षर पी म्हणजे इंजिन आणि गिअर. बी असेल तर बॉडी, सी म्हणजे चासी, यू म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरांचं आपसातलं बोलणं. दुसरा आकडा शून्य असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना सामाईक, एक असेल तर त्या कंपनीचा खास. तिसरा आकडा विभाग सांगतो, तीन म्हणजे इग्निशन आणि मिसफायर. शेवटचे दोन नेमका मुद्दा. म्हणजे पी०३०१ चा अर्थ : पहिल्या सिलिंडरला मिसफायर.

बरेचसे बिघाड एकदा दिसले म्हणून दिवा लागत नाही. लागोपाठच्या दुसऱ्या फेरीतही दिसले तर लागतो. आणि पुढच्या तीन फेऱ्यांत पुन्हा दिसले नाहीत तर सहसा आपोआप विझतो. दिवा लागतो त्या वेळी वेग किती होता, इंजिन किती तापलं होतं, लोड किती होता, याचा एक स्नॅपशॉटही साठवला जातो. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. आमच्याकडे सर्व्हर पडला की लॉग बघतात ना, तसंच.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. पिवळा दिवा स्थिर असेल तर घाबरायचं कारण नाही, काही दिवसांत तपासून घ्या. पण तोच दिवा लुकलुकत असेल तर मिसफायर इतका जोरात आहे की न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळू शकतो. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा, जमेल तितक्या लवकर गाडी बाजूला घ्या. प्लग किंवा कॉइलचं काम स्वस्तात होतं, कन्व्हर्टर त्याच्या कितीतरी पट महाग पडतो.

आपल्याकडे काय झालं?

आपल्याकडे हीच गोष्ट उशिरा आणि घाईघाईत घडली. १ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल कारना कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि शिसंविरहित पेट्रोल मिळायला लागलं. देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं ते १ फेब्रुवारी २००० पासून. त्याच सुमाराला गाड्यांच्या पाठीवर 'एमपीएफआय' अशी अक्षरं झळकायला लागली. आमच्या लहानपणी ही अक्षरं म्हणजे काय हे कुणालाच माहीत नव्हतं, पण ती असलेली गाडी भारी, एवढं ठाऊक होतं. कार्ब्युरेटर गेला आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंजेक्टर आला, एवढाच त्याचा अर्थ.

मुंबईची जुनी काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी आठवा. तिचा मिस्त्री कार्ब्युरेटर उघडून जेट फुंकायचा, पॉलिश पेपरने पॉइंट घासायचा, टायमिंग कानाने लावायचा. हे ज्ञान हातात होतं, कानात होतं, आणि उस्तादाकडून पोराकडे जात होतं. एमपीएफआय आल्यावर त्या ज्ञानावर झाकण पडलं. 'ही कॉम्प्युटरची गाडी आहे, शोरूमलाच न्या' हे वाक्य गावोगावच्या गॅरेजांत ऐकू यायला लागलं. बोलणाऱ्याला कमीपणा वाटायचा आणि ऐकणाऱ्याच्या खिशाला भोक पडायचं.

१ एप्रिल २०१० ला बीएस-४ आला, पण आधी फक्त १३ शहरांत. त्यात मुंबई आणि पुण्याबरोबर सोलापूरही होतं. त्या नियमांसोबत ओबीडीचा पहिला टप्पा आला, आणि १ एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२. बाकीच्या देशात बीएस-४ यायला २०१७ उजाडलं. २०२० मध्ये बीएस-६ आल्यापासून दुचाकींवरही हा पिवळा दिवा आलाय. गाड्यांच्या सरकारी मान्यतेच्या चाचण्या घेणारी आपल्याकडची मोठी संस्था, १९६६ साली सुरू झालेली एआरएआय, पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. सकाळी तिथे फिरायला जाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की आपल्या डॅशबोर्डवरच्या दिव्याची परीक्षा या कुंपणाच्या आत होते?

हजार रुपयांचं यंत्र

सॉकेट आलं, पण त्यातलं वाचणारी यंत्रं बरीच वर्षं महागच होती. इथे कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्स नावाच्या छोट्या कंपनीचा प्रवेश होतो. तिने ईएलएम३२७ नावाची चिप केली. गाड्यांमध्ये तोवर चार-पाच प्रकारचे प्रोटोकॉल होते, ते सगळे ही एकटी समजून घ्यायची आणि बाहेर साध्या अक्षरांत बोलायची. पहिल्या आवृत्तीत कॉपी रोखण्याची सोय चालू केलेली नव्हती. मग काय, नकलांचा पूर आला. आज बाजारात मिळणारे स्वस्त ब्लूटूथ ॲडॉप्टर बहुतेक त्याच वंशाचे. कंपनीच्या दृष्टीने हे नुकसानच, पण जगभरच्या गाडीमालकांच्या हातात वाचनाचं साधन आलं ते यातून.

आणि भाषा इतकी सोपी आहे की हसू येतं. फोनवरून '०१ ०५' एवढंच पाठवायचं. अर्थ : चालू माहितीतलं कूलंटचं तापमान सांग. गाडी उत्तर देते '४१ ०५ ७बी'. यातलं ७बी हेक्साडेसिमल, म्हणजे १२३. त्यातून ४० वजा करा, ८३ अंश सेल्सिअस. ४० का वजा करायचे? एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. ४० वजा केले की उणे ४० पासून २१५ अंशांपर्यंत सगळं बसतं. उणे ४० अंशांतही गाडी सुरू करणारी माणसं जगात आहेत, त्यांची सोय कोणीतरी तेव्हाच करून ठेवली.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. कोड लक्षण सांगतो, कुठला पार्ट बदलायचा ते सांगत नाही. ताप आलाय हे थर्मामीटर सांगतं, मलेरिया की टॉन्सिल हे डॉक्टरने बघायचं.

माझ्या मावशीची गाडी कोल्हापूरला आहे, अकरा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक. दिवा लागला. एका वर्कशॉपने यंत्र लावलं आणि सांगितलं, ऑक्सिजन सेन्सर बदला, साडेसात हजार. मावशीने मला फोन केला, 'अरे, तू ते कॉम्प्युटरचं करतोस ना, बघ जरा येऊन.' दिवाळीला गेलो तेव्हा माझं ॲडॉप्टर लावलं. कोड होता पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त. सेन्सर खराब आहे असं त्यात कुठेच म्हटलेलं नव्हतं. सेन्सर बिचारा बातमी देत होता आणि शिक्षा त्यालाच होणार होती.

मग फ्युएल ट्रिम बघितला. मिश्रण जमवायला कॉम्प्युटर किती टक्के जादा पेट्रोल टाकतोय, तो हा आकडा. गाडी उभी असताना तो २२ टक्के होता. रेस करून अडीच हजार आरपीएमवर धरली तर पाचच्या आसपास उतरला. याचा अर्थ लावता येतो. इंजिन मंद चालताना आत ओढ जास्त असते आणि एकूण हवा थोडी. तेव्हा एखाद्या फटीतून आलेली चोरटी हवा मोठा फरक पाडते. रेस दिली की एकूण हवा इतकी वाढते की तीच चोरी किरकोळ ठरते. या गाडीत हवा मोजणारा सेन्सर फिल्टरजवळ आहे, म्हणजे फट त्याच्या पुढे कुठेतरी.

इथपर्यंत मला आकड्यांनी आणलं. फट कुठे आहे हे मला सांगता येत नव्हतं. मावशीच्या गल्लीच्या टोकाला एक मिस्त्री आहेत, साठी ओलांडलेले. त्यांना आकडे दाखवले. त्यांनी बोनेट उघडलं, कान जवळ नेला आणि दोन मिनिटांत एका रबरी पाइपाच्या वळणावर बोट ठेवलं. खालच्या अंगाला तडा गेला होता. म्हणाले, 'यंत्र सांगतंय हवा जास्त जातीया. कुठनं जातीया ते आपण बघायचं की.' पाइप आणि मजुरी मिळून चारशे रुपये झाले. ट्रिम तिथल्या तिथे खाली आला.

मिस्त्रींचं ज्ञान जुनं झालेलं नव्हतं. मधली वीस वर्षं गाडी काय म्हणतेय ते त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं, इतकंच.

म्हणून गाडी असणाऱ्यांना माझं सांगणं थोडक्यात : सर्व्हिसला टाकण्याआधी कोड स्वतः वाचा, फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट काढा. कोड पुसायची घाई करू नका. पुसलात की पुरावाही जातो आणि गाडीच्या स्वतःच्या तपासण्याही पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. सेकंडहँड गाडी घेताना तर हे नक्की बघा. कोड एकही नाही, पण तपासण्याही अपूर्ण दिसतात, तर कालच कोणीतरी पाटी पुसलेली असू शकते. आणि काम झालं की ॲडॉप्टर काढून ठेवा. ते सॉकेट थेट बॅटरीला जोडलेलं असतं, गाडी बंद असतानाही वीज पीत राहतं.

दार पुन्हा बंद होतंय का?

सगळं गोडगोड सांगून मी निरोप घेणार नाही. या यंत्रणेवर आंधळा विश्वास ठेवता येत नाही, हे २०१५ मध्ये जगाने बघितलं. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर चाचणी चालू आहे हे ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं प्रदूषण आवरायचं. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या होत्या. रस्त्यावर त्या मर्यादेच्या कित्येक पट नायट्रोजन ऑक्साइड सोडत होत्या आणि डॅशबोर्डवर सगळं शांत. ते पकडलं गेलं कारण वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या लोकांनी मोजणीचं यंत्र डिकीत घालून गाडी खऱ्या रस्त्यावर चालवली. ज्या सॉफ्टवेअरने स्वतःची तपासणी करायची तेच खोटं बोललं तर बाहेरचा साक्षीदार लागतो.

दुसरं, मालकीचं भांडण. भारतात एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत, हा आक्षेप होता. कंपन्या अपिलात गेल्या, प्रकरण लांबलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०१२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने मोठा कौल दिला. पण तोवर गाड्या सॉकेटऐवजी मोबाइल नेटवर्कवरून थेट कंपनीशी बोलायला लागल्या होत्या, म्हणून २०२० मध्ये त्यांना पुन्हा मत द्यावं लागलं. आणि कंपन्या कोर्टात गेल्या.

कंपन्यांच्या बाजूनेही एक खरं कारण आहे, ते लपवायला नको. २०१५ मध्ये दोन संशोधकांनी धावती जीप दूरवरून, इंटरनेटवरून ताब्यात घेऊन दाखवली. १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्यानंतर काही कंपन्यांनी सॉकेटच्या मागे सिक्युरिटी गेटवे बसवले. वाचायचं तर वाचा, पण काही बदलायचं असेल तर परवानगी घ्या. धोका खोटा नाही. पण कुलूप लावल्यावर किल्ली कोणाकोणाला द्यायची, हा प्रश्न सुरक्षेचा राहत नाही, तो धंद्याचा होतो.

आणि शेवटचं, जे मला सगळ्यात जास्त खटकतं. आपलं सॉकेट उघडं राहिलं ते धुरामुळे. कायदा हवेसाठी होता, मालकाचा हक्क त्याच्या सावलीत वाढला. आता इलेक्ट्रिक गाडीत धूरच नाही. धूर नाही म्हणजे त्या कायद्याचं कारणही उरत नाही. बॅटरीची तब्येत किती टक्के, कुठला सेल दमलाय, हे सांगायची सक्ती कुठून येणार? कॅलिफोर्नियाने २०२६च्या मॉडेलपासून इलेक्ट्रिक गाड्यांनाही बॅटरीची तब्येत मालकाला दाखवणं आणि माहिती ठरावीक पद्धतीने देणं सक्तीचं करायचा नियम केलाय. म्हणजे पुन्हा तेच राज्य, आणि पुन्हा तेच हवेचं मंडळ.

आपल्याकडे लाखभर किलोमीटर चाललेली इलेक्ट्रिक गाडी सेकंडहँड बाजारात येईल, तेव्हा घेणाऱ्याला तिची बॅटरी वाचता यायला हवी. आणि गल्लीच्या टोकाच्या मिस्त्रींनाही. लॉस एंजेलिसच्या लोकांचे डोळे चुरचुरले म्हणून आपल्याला एक दार फुकटात मिळालं. पुढचं दार मागून घ्यावं लागेल. ते मागायला बॅटऱ्या दमायच्या आतच सुरुवात केलेली बरी.

तुमच्या गाडीने कधी कुठला विचित्र कोड दिला असेल तर कळवा. कोडसोबत फ्रीझ फ्रेमही पाठवा म्हणजे बोलायला मजा येईल. भेटू पुढच्या भागात. तोवर गाडी सांभाळून चालवा.